क्यूई-२च्या आठवणी आणि स्मृतिदिन : नागपूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणत्या जहाजाविषयी आहेत आणि कोणासाठी आहेत?

‘क्वीन एलिझाबेथ २’ म्हणजेच क्यूई-२ या ब्रिटिश प्रवासी जहाजाविषयी ते आहेत. क्युनार्ड कंपनीसाठी स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन यांच्या गोदीत बांधलेल्या या जहाजाची लांबी सुमारे २९३ मीटर आणि रुंदी ३२ मीटर आहे. १९६९ ते २००८ या काळात ते अटलांटिकपार आणि जगभर फिरले आणि आता दुबईच्या मीना रशीद बंदरात हॉटेल म्हणून उभे आहे. या जहाजातून प्रवास केलेली, ते दुरून पाहिलेली किंवा अलीकडे दुबईत त्यात मुक्काम केलेली माणसे नागपुरात आणि आसपास आहेत. त्यांच्या आठवणी नीट नोंदवून ठेवाव्यात आणि जहाजाचे स्मृतिदिन योग्य तारखांना पाळले जावेत, एवढाच आमच्या गटाच्या या खटाटोपाचा हेतू आहे.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. इथे या जहाजाच्या आठवणी कुठून येणार?

ही शंका रास्त असली, तरी तिचे उत्तर धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर भागांतील जुन्या घरांच्या लोखंडी कपाटांत सापडते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गेलेल्या पिढीतील काहींनी आयुष्यात एकदा विमानाऐवजी क्यूई-२ने अटलांटिक ओलांडले. क्युनार्ड त्या काळी एका बाजूने जहाज आणि दुसऱ्या बाजूने कॉन्कॉर्ड विमान अशी जोडसफरही विकत असे. व्यापारी नौदलात इंजिनीअर किंवा अधिकारी म्हणून आयुष्य काढून गावी परतलेले लोक हा दुसरा स्रोत होय, कारण परदेशी बंदरात शेजारच्या धक्क्याला क्यूई-२ लागलेली पाहणे हे त्यांच्या दृष्टीने सांगण्याजोगे असे. तिसरा वर्ग मुंबईत नातेवाइकांकडे गेलेल्यांचा आहे. जहाजाच्या जगप्रदक्षिणेच्या सफरींत मुंबई हा अनेकदा थांबा असे आणि ते बंदरात आले की वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येई. चौथा आणि सर्वांत मोठा होत चाललेला वर्ग म्हणजे दुबईत नोकरी करणाऱ्या मुलांकडे गेलेले आईवडील.

जहाजाचा वाढदिवस नेमका कोणता मानावा?

याबाबत सर्वाधिक विचारणा होते आणि सर्वाधिक वादही होतात, म्हणून थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. जहाजाचा जन्म एका दिवसात होत नाही. ५ जुलै १९६५ रोजी त्याच्या तळाचा कणा बसवला गेला. २० सप्टेंबर १९६७ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या हस्ते जलावतरण झाले. आजी क्वीन मेरी यांनी १९३४ मध्ये आणि आई क्वीन एलिझाबेथ यांनी १९३८ मध्ये आपापल्या नावाच्या जहाजांच्या जलावतरणासाठी वापरलेली सोन्याची कात्रीच या वेळीही वापरण्यात आली. त्यानंतर चाचण्यांमध्ये टर्बाइनचे दोष उघड झाले, क्युनार्डने जहाज ताब्यात घेण्यास नकार दिला आणि पहिली सफर अनेक महिने लांबली. अखेर २ मे १९६९ रोजी ते साउथॅम्प्टनहून प्रवाशांसह न्यूयॉर्ककडे निघाले.

आमचे मत असे की २० सप्टेंबर हा वाढदिवस मानावा आणि २ मे हा सेवेचा आरंभदिन मानावा, कारण नाव मिळाले ते जलावतरणाच्या दिवशी आणि माणसे चढली ती मे महिन्यात. ज्यांच्या आठवणी प्रवासाच्या आहेत, त्यांना २ मे अधिक जवळचा वाटतो आणि त्यात गैर काही नाही. जलावतरणाला साठ वर्षे २० सप्टेंबर २०२७ रोजी पूर्ण होतील आणि पहिल्या सफरीला २ मे २०२९ रोजी. त्यामुळे ज्येष्ठांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम आत्ताच हाती घ्यावे, हे उत्तम.

निवृत्तीचा दिवस कोणता?

इथेही दोन तारखा आहेत. ११ नोव्हेंबर २००८ रोजी क्यूई-२ने साउथॅम्प्टन कायमचे सोडले. त्या दिवशी पहाटे बंदरात येताना ती जवळच्या वाळूच्या पट्टीवर टेकली आणि टगांनी (ओढणाऱ्या बोटींनी) तिला सोडवले. ११ नोव्हेंबर हा ब्रिटनमध्ये युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असल्यामुळे एका छोट्या विमानातून जहाजावर खसखशीच्या लाल फुलांच्या कागदी प्रतिकृतींचा वर्षाव झाला आणि रात्री आतषबाजीत निरोप देण्यात आला. दुबईच्या मालकांकडे तिचा अधिकृत ताबा गेला तो २७ नोव्हेंबरला.

दुबईत ती पोहोचली २६ नोव्हेंबर २००८ रोजी. त्या रात्री मुंबईत काय घडले, हे कोणाही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. जहाजाच्या आगमनाची बातमी इथे कोणाच्याही लक्षात नाही, याचे कारणही तेच. म्हणून २६ नोव्हेंबरला आम्ही जहाजाच्या नावाने काहीही करत नाही आणि इतरांनीही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. निवृत्तिदिन ११ नोव्हेंबरलाच पाळावा.

तारीख ब्रिटनची धरायची की भारताची?

घटना जिथे घडली तिथली. अखेरच्या निरोपाच्या वेळी साउथॅम्प्टनमध्ये ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळचे सव्वासात वाजले होते, तेव्हा नागपुरात मध्यरात्र उलटून १२ तारीख लागली होती. पण म्हणून निरोपाचा दिवस बदलत नाही. हिशेबासाठी इतके लक्षात ठेवावे की ब्रिटन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, तर दुबई बाराही महिने दीड तास मागे असते. एक अपवाद जुन्या पत्रांच्या बाबतीत उपयोगी पडतो : ऑक्टोबर १९६८ ते ऑक्टोबर १९७१ या काळात ब्रिटनने बारमाही उन्हाळी वेळच चालू ठेवली होती.

जहाजावरील रोजनिशीत वेळेचा घोळ आणखी वाढतो, कारण पश्चिमेकडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे आणि पूर्वेकडे जाताना पुढे करावे लागते. न्यूयॉर्कला जाताना झोप भरपूर झाली आणि परतताना मात्र डोळे चुरचुरत राहिले, असे कोणी लिहिले असेल, तर ती नोंद खरी असण्याचा तो चांगला पुरावा आहे.

आठवण कशी लिहावी? आम्ही काही लेखक नाही.

लेखक नसलेल्यांच्या आठवणीच अधिक कामाच्या असतात. जहाज किती भव्य होते, झुंबरे किती सुंदर होती, हे माहितीपत्रकांत छापलेले आहेच. ते पुन्हा लिहिण्यापेक्षा तुमच्या टेबलावर कोण बसले होते, शाकाहारी जेवणाची सोय कशी झाली, साडीत डेकवरच्या वाऱ्याला तोंड कसे दिले, बोट लागली तेव्हा कोणी कोणता उपाय सुचवला, केबिनमध्ये इंजिनाची थरथर जाणवत होती की नव्हती, हे लिहावे. शेवटच्या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. १९८६-८७ मध्ये जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे या जहाजातील वाफेची टर्बाइन काढून नऊ डिझेल इंजिने आणि विद्युत मोटारी बसवण्यात आल्या. दोन्ही काळांत प्रवास केलेल्या माणसाचे कान आणि तळपाय जे सांगतील, ते कोणत्याही तांत्रिक अहवालात मिळणार नाही.

एक पथ्य मात्र आवर्जून पाळावे. स्वतः पाहिलेले एका परिच्छेदात आणि नंतर वाचलेले किंवा माहितीपटात पाहिलेले दुसऱ्या परिच्छेदात ठेवावे. चाळीस वर्षांनी दोन्ही एकमेकांत इतके मिसळतात की सांगणाऱ्यालाही वेगळे करता येत नाहीत. साल आठवत नसेल तर अंदाजाने घालू नये. ‘थोरलीचे लग्न झाले त्याच्या पुढच्या वर्षी’ एवढे लिहिले तरी पुरते, कारण घरातील लग्नपत्रिकेवरून साल काढता येते.

प्रवास केला नाही, फक्त मुंबईत धक्क्यावरून पाहिले. असे लिहिलेले चालेल का?

अवश्य चालेल. मात्र या जहाजाच्या जगप्रदक्षिणा १९७५ मध्ये सुरू झाल्या आणि त्या साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात होत असत. त्यामुळे ‘भर पावसात, छत्री घेऊन पाहिले’ असे कोणी सांगितले, तर आठवणीतला पाऊस किंवा जहाज यांपैकी एक बहुधा दुसरीकडून आलेले असते.

आजोबा १९६०च्या दशकात बोटीने विलायतेला गेले होते. ती क्यूई-२च असावी, असे घरात सर्व जण म्हणतात. खात्री कशी करावी?

बहुतेक वेळा ती क्यूई-२ नसते, आणि हे सांगताना घरच्यांचे मन दुखावण्याची भीती वाटते, म्हणून पुरावेच समोर ठेवणे बरे. २ मे १९६९ पूर्वी या जहाजाने प्रवाशांची नियमित सफर केलेली नाही. त्याआधी ‘क्वीन एलिझाबेथ’ने अटलांटिक ओलांडल्याचे कोणी सांगत असेल, तर ते त्याच नावाचे पहिले जहाज होय. ते १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात आग लागून नष्ट झाले.

दुसरे असे की क्यूई-२ कधीही मुंबई–इंग्लंड मार्गावरची नियमित बोट नव्हती. नागपूरहून मेलने मुंबईला जाऊन बॅलार्ड पिअरवरून जी माणसे विलायतेला निघत, ती बहुधा पी अँड ओ किंवा अँकर लाइन यांच्या बोटींनी जात, आणि इटलीमार्गे जाणारे लॉइड ट्रिएस्टिनोच्या ‘एशिया’ किंवा ‘व्हिक्टोरिया’ने. पी अँड ओच्या ‘स्ट्रॅथ’ने सुरू होणाऱ्या नावांच्या बोटी त्या पिढीच्या तोंडी विशेष असत. त्याही आधीच्या काळातले उदाहरण म्हणजे १९३१च्या गोलमेज परिषदेला गांधीजी मुंबईहून गेले, ती ‘राजपुताना’ ही पी अँड ओचीच बोट.

तिसरी कसोटी सुएझ कालव्याची. जून १९६७ च्या युद्धापासून ५ जून १९७५ पर्यंत तो बंद होता. या आठ वर्षांतल्या सफरीच्या आठवणीत कालवा, उंट आणि पोर्ट सैदचे फेरीवाले येत असतील, तर साल चुकलेले आहे किंवा दोन सफरी एकत्र झाल्या आहेत. उलट केप टाउनचा उल्लेख असेल, तर साल जुळण्याची शक्यता वाढते, कारण तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात.

आजोबांची बोट दुसरीच निघाली, तर आठवण फेकून देऊ नये. त्या बोटींपैकी बहुतेकींचे आज काहीही उरलेले नाही, त्यामुळे ती नोंद क्यूई-२च्या आठवणीपेक्षाही दुर्मीळ ठरू शकते. आम्ही अशा नोंदी वेगळ्या वहीत, बोटीच्या नावासह ठेवतो.

छायाचित्र आहे, पण मागे तारीख नाही. काळ कसा ठरवावा?

या जहाजाच्या बाबतीत हे काम आनंदाचे आहे, कारण त्याने आपले रूप अनेकदा बदलले. प्रथम धुराडे पाहावे. ते सडपातळ असून पांढरे-काळे असेल, तर छायाचित्र १९८२ पूर्वीचे आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धाहून (ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील) परतल्यावर धुराड्याला क्युनार्डचा पारंपरिक लाल रंग मिळाला. सडपातळ पण लाल धुराडे दिसले, तर १९८२ ते १९८६ हा काळ धरावा. रुंद, भारदस्त लाल धुराडे म्हणजे इंजिनबदलानंतरचे, १९८७ पासून पुढचे जहाज.

त्यानंतर बाजूचा रंग पाहावा. युद्धानंतर काही काळ जहाज फिकट करड्या रंगात होते. तो रंग लवकर मळतो, हे ध्यानात आल्यावर १९८३ मध्ये सोडून देण्यात आला. त्यामुळे करडे जहाज दिसले, तर तारीख जवळजवळ वर्षापर्यंत निश्चित होते. १९९४ पासून काही वर्षे बाजू गडद निळी होती आणि पुढे पुन्हा काळी झाली. जुन्या रंगीत छायाचित्रांत निळा आणि काळा यांचा गोंधळ होतो, तेव्हा एकट्या रंगावर विसंबू नये. वरच्या डेकवर सुकाणूघराच्या मागे वाढवलेल्या आलिशान खोल्यांची रांग दिसत नसेल, तर छायाचित्र १९७२ पूर्वीचे असावे. पोहण्याच्या तलावावर सरकते काचेचे छत दिसत असेल, तर ते १९८३ अखेर ते १९९४ या काळातले आहे.

जहाजाच्या आतली छायाचित्रे ओळखणे अधिक अवघड असते, कारण सजावट वारंवार बदलली. तिथे कपडे, चष्म्यांच्या फ्रेम आणि केशरचना अधिक मदत करतात. या कामी घरातील आत्या आणि मावश्यांचा सल्ला घ्यावा. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

छापील कागदांचे वजन सर्वांत जास्त. जेवणाच्या यादीचे कार्ड, रोज केबिनमध्ये येणारे कार्यक्रमपत्रक, सामानाचा बिल्ला, पासपोर्टवरील शिक्का यांपैकी काहीही मिळाले, तर स्मृतीपेक्षा त्यावर विश्वास ठेवावा.

जुने अल्बम नागपूरच्या हवेत कसे जपावेत?

कोरड्या हवेच्या बाबतीत आपण मुंबईकरांपेक्षा सुदैवी आहोत. बुरशीचा त्रास इथे मुळात कमी. पण एप्रिल ते जूनमध्ये ती बुरशी आपण स्वतःच घरात आणतो, कारण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर ज्या खोलीत दमट हवा फेकतो, त्याच खोलीतील कपाटात अल्बम ठेवलेले असतात. अल्बम कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवावेत. माळ्यावर अजिबात ठेवू नयेत, कारण ४५ अंशांच्या दिवसांत छताखालची उष्णता रंगीत छायाचित्रांचे रंग उडवते.

चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्र ओढून काढू नये. निघत नसेल तर पानासकटच स्कॅन करावे, शक्यतो ६०० डीपीआयवर. मागे लिहायचे असल्यास मऊ पेन्सिलने, कडेला आणि न दाबता लिहावे. मूळ छायाचित्रे टपालाने पाठवू नयेत. प्रत पुरेशी आहे.

युद्ध, अपघात आणि वादळ यांविषयी लिहावे का?

लिहावे. १२ मे १९८२ रोजी हे जहाज सुमारे तीन हजार सैनिकांना घेऊन फॉकलंड युद्धासाठी निघाले. त्यात स्कॉट्स गार्ड्स आणि वेल्श गार्ड्स यांच्याबरोबर ब्रिटिश सैन्यातील गुरखा रायफल्सचे जवानही होते. हेलिकॉप्टर उतरण्यासाठी डेकवर सोय करण्यात आली. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ सैनिक दुसऱ्या जहाजांवर उतरवले गेले आणि बुडालेल्या युद्धनौकांवरून वाचलेल्यांना घेऊन जहाज ११ जूनला साउथॅम्प्टनला परतले. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र असल्यामुळे आपल्याकडील अनेक निवृत्त सैनिकांनी तो इतिहास अभ्यासलेला आहे. त्यांचे लेखन आठवण म्हणून नव्हे, तर टिपण म्हणून स्वीकारले जाते.

ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ जहाजाचा तळ नकाशात न दाखवलेल्या खडकाला घासला. सप्टेंबर १९९५ मध्ये लुइस चक्रीवादळात अटलांटिकवर एक प्रचंड लाट आली, तिची उंची सुमारे २७ मीटर असल्याचा अंदाज नोंदवला गेला. त्या वेळी कप्तान होते रोनाल्ड वॉर्विक, आणि १९६९च्या पहिल्या सफरीचे कप्तान त्यांचे वडील विल्यम वॉर्विक होते. आपण त्या वेळी जहाजावर असाल, तर धोक्याचे वर्णन वाढवू नये आणि कमीही करू नये. बहुतेक प्रवाशांना मोठ्या घटनेची माहिती ती संपल्यावर मिळते. तसे झाले असेल तर तसेच लिहावे.

वडील आता हयात नाहीत. त्यांची पत्रे देता येतील का?

कुटुंबातील इतर वारसांना विचारून द्यावीत. पत्रांत पैशांचे व्यवहार, आजारपण किंवा भाऊबंदकीचा मजकूर असेल, तर तो भाग वगळून जहाजासंबंधीचा मजकूर उतरवून द्यावा आणि वगळल्याची जागा टिंबांनी दाखवावी. भाषा सुधारू नये. हयात असलेल्या सहप्रवाशांची नावे त्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत.

जहाजावरील चमचा किंवा राखदाणी आमच्याकडे आहे. ती दाखवावी का?

दाखवावी. ती घरी कशी आली, हे आम्ही विचारत नाही.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम नागपुरात कसा करावा?

२ मे हा महाराष्ट्र दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो आणि उन्हाळा त्या वेळी ऐन भरात असतो. ज्येष्ठ मंडळींना बोलवायचे असेल, तर संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ ठेवावी आणि जिने चढावे लागणार नाहीत, अशी जागा निवडावी. २० सप्टेंबरच्या सुमारास गणेशोत्सव किंवा पितृपक्ष असू शकतो, म्हणून तिथी पाहूनच ठरवावे. तारीख एकदोन दिवस पुढेमागे झाली तरी हरकत नाही. ११ नोव्हेंबरला हवा उत्तम असते, त्यामुळे आमचा कल तिकडे आहे.

मोठ्या पडद्यावर माहितीपट दाखवण्यापेक्षा तीन-चार जणांना दहा-दहा मिनिटे बोलू द्यावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून तारीख दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. दुरुस्ती नंतर, चहाच्या वेळी, खासगीत करता येते.

दुबईत जाऊन जहाजात काय पाहता येते? आणि हॉटेल झालेले जहाज हे जहाजच राहते का?

मीना रशीद येथे ते अजूनही पाण्यावर तरंगते. एप्रिल २०१८ मध्ये ते हॉटेल म्हणून पाहुण्यांसाठी खुले झाले. त्यात मुक्काम करता येतो, जेवता येते, आणि जहाजाच्या इतिहासाचे प्रदर्शनही आहे. आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर त्यांना आधी एकट्यानेच कॉरिडॉरमधून फिरू द्यावे आणि मगच वाटाड्याची माहिती ऐकवावी, म्हणजे त्यांची स्वतःची आठवण आधी वर येते.

दुसऱ्या प्रश्नावर आमच्यातच मतभेद आहेत. जहाज चालत नाही तर ते जहाज कसले, असे व्यापारी नौदलातले सभासद ठामपणे म्हणतात. पण इतरांचे काय झाले, हेही पाहावे. क्यूई-२प्रमाणेच फॉकलंडला गेलेले ‘कॅनबेरा’ १९९७ मध्ये पाकिस्तानातील गडानीच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी नेले गेले. पूर्वी ‘फ्रान्स’ म्हणून गाजलेले आणि पुढे ‘नॉर्वे’ झालेले जहाज २००६ मध्ये आपल्याच गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आले. त्यातील ॲस्बेस्टॉसमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००७ मध्ये तोडण्यास परवानगी मिळाली. ‘युनायटेड स्टेट्स’ हे वेगवान जहाज फ्लोरिडाजवळ समुद्रतळाशी कृत्रिम प्रवाळखडक म्हणून बुडवण्याचे २०२४ मध्ये ठरले. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे ‘क्वीन मेरी’ आणि रॉटरडॅममध्ये ‘रॉटरडॅम’ यांसारखी मोजकीच जहाजे हॉटेल म्हणून टिकली. या यादीकडे पाहिले, तर धक्क्याला बांधलेली क्यूई-२ हा सुदैवाचाच प्रकार मानावा लागतो.

जहाजाचे नाव मराठीत कसे लिहावे?

‘क्वीन एलिझाबेथ २’ असे पूर्ण किंवा ‘क्यूई-२’ असे संक्षिप्त लिहावे. जहाजाच्या नावात रोमन नव्हे, तर साधा अंक वापरला जातो. राणीच्या नावात मात्र ‘दुसऱ्या’ असे अक्षरी लिहावे, म्हणजे राणी आणि जहाज यांची गल्लत होत नाही. आठवण पाठवताना शीर्षकात जहाजाचे नाव, प्रवासाचे किंवा पाहिल्याचे साल आणि बंदर एवढे दिले, की नोंद लावणाऱ्याचे काम सोपे होते. शब्दमर्यादा नाही, पण फुलस्केपच्या तीन पानांपेक्षा मोठे लेखन असेल, तर त्याचे भाग पाडून पाठवावे.